धावत्या डब्यातले खून आणि हशा : जुन्या हॉलिवूडचे स्वस्तातले रेल्वेपट

तासा-सव्वा तासाचा काळा-पांढरा पिक्चर. त्यात एक खून, एक हिरा नाहीतर एक साक्षीदार, तोंडाळ गुप्तहेर, घाबरलेला पोर्टर (म्हणजे डब्यातला सेवक) आणि गाडी शेवटच्या स्टेशनात शिरायच्या आत उलगडा झालाच पाहिजे अशी घाई. १९३० ते १९५० च्या दरम्यान हॉलिवूडमधल्या बहुतेक मोठ्या स्टुडिओंनी हा माल काढला. वाचनालयाच्या खोलीत, गच्चीवर किंवा शेतावरच्या घरात आठ-दहा जणांनी मिळून बघायला हे पिक्चर फार चांगले आहेत. लांबण नाही, गाणी नाहीत, आणि लाइन जायच्या आत संपण्याची शक्यता बरीच.

पण सगळेच घेण्यासारखे नाहीत. काहींच्या नावात रेल्वे आणि पडद्यावर ती दहा मिनिटं. काहींत गाडी शेवटपर्यंत, पण विनोद असा की माणसं पाणी प्यायला उठतात. निवडताना एकच कसोटी लावावी: ही गोष्ट डब्यातून उचलून एखाद्या बंगल्यात नेऊन ठेवली तरी चालेल का? चालत असेल तर तो रेल्वेपट नाही, तिथे रेल्वे फक्त खिडकीतून दिसायला आहे. खऱ्या रेल्वेपटात डब्याची रचना, थांबे, साखळी, सामानाचा डबा, दोन डबे जोडणारा हूक या सगळ्याचं गोष्टीत काम असतं. खालचा सगळा निवाडा याच कसोटीवर केलेला आहे.

आधी हे पिक्चर असे का दिसतात ते सांगायला हवं, म्हणजे उगाच भलती अपेक्षा राहत नाही. मंदीच्या काळात अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन पिक्चर दाखवू लागली. पहिला मोठ्या नटांचा, दुसरा जोडीला लावायचा, म्हणजे बी-पिक्चर. पहिल्यात स्टुडिओला गल्ल्याचा वाटा मिळे, दुसऱ्याचं भाडं ठरलेलं असे. पिक्चर कितीही चालला तरी भाड्यात वाढ नाही, म्हणून खर्च आधीच बांधून टाकलेला: दोन-तीन आठवडे चित्रीकरण, गोदामातले सेट, पगारावरचे नट, लांबी ६० ते ७५ मिनिटं. अशा हिशेबात रेल्वे फार सोयीची. एक बोळ आणि दोन-तीन खोल्या उभारल्या की झाली गाडी. पडदे आणि दिवे बदलले की तोच डबा पुढचा डबा. खिडकीबाहेर आधीच टिपून ठेवलेली पळती झाडं मागच्या पडद्यावर सोडायची. बाहेरून धावणारी गाडी दाखवायची तर स्टुडिओच्या साठ्यातली जुनी रिळं आहेतच. गर्दीची दृश्यं नकोत, रस्ते नकोत, पावसाची वाट बघणं नको.

खुनात विनोद मिसळण्याचं कारणही धंद्याचंच. जोडीचा पिक्चर घरातल्या सगळ्यांनी बघावा अशी अपेक्षा असे, त्यामुळे प्रेत सापडलं की पाचव्या मिनिटाला कुणीतरी धडपडणार हे ठरलेलं. पूर्व विदर्भातल्या प्रेक्षकाला हे मिश्रण परकं वाटणार नाही. झाडीपट्टीच्या नाटकात रडारडीच्या प्रवेशाला लागूनच विनोदी नट येतो, आणि मांडवातली माणसं दोन्हीला सारखीच दाद देतात.

पहिला नंबर 'स्लीपर्स वेस्ट'चा. १९४१, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, दिग्दर्शक यूजीन फोर्ड, ७४ मिनिटं. लॉइड नोलननं मायकेल शेन हा खासगी गुप्तहेर सात पिक्चरमध्ये रंगवला, त्यातला हा दुसरा. काम एवढंच की एका बाईला डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोला कुणाच्या नजरेत न येता पोचवायचं. तिथे खुनाचा खटला चालू आहे, निरपराध माणूस आरोपी आहे आणि हिची साक्ष झाली तर तो सुटतो, पण एका राजकारण्याची गोची होते. त्याच गाडीत शेनची जुनी मैत्रीण निघते, ती वार्ताहर आणि वास काढण्यात पटाईत. लिन बारीनं ती भूमिका अशी केली आहे की शेनला डाव टाकताना दर वेळी दोन पावलं मागे यावं लागतं.

यातला डबा समजून घेतला तर पिक्चरची मजा दुप्पट होते. अमेरिकेतल्या पुलमन झोपण्याच्या डब्यात मधून वाट असे आणि दोन्ही अंगांना, आपल्या साइड लोअर-साइड अपरसारखे, वाटेला समांतर असे खालचे-वरचे बर्थ. दिवसा समोरासमोरची आसनं, रात्री पोर्टर ती ओढून खालचा बर्थ करी आणि वरचा बर्थ छताजवळून खाली उतरवी. समोर जाड पडदा. दार नाही, कडी नाही. ज्याच्याकडे पैसे त्याला डब्याच्या टोकाला दार असलेली खोली. शेन साक्षीदार बाईला अशाच बंद खोलीत ठेवतो, आणि मग अख्ख्या पिक्चरचा ताण एका गोष्टीवर येतो: ती बाहेर येऊ नये. तिला मात्र बाहेर यायचंच आहे. ती कंटाळली आहे, तिला कुणाशी तरी बोलायचं आहे, आणि तिला भेटतो घरादाराला वैतागून निघालेला एक भिडस्त गृहस्थ. मेरी बेथ ह्यूज आणि लुई जीन हाइट यांचे हे प्रसंग स्वस्तातल्या पिक्चरमध्ये सहसा मिळत नाहीत इतके हळुवार आहेत. गुप्तहेराचा पाठलाग एका बाजूला चालू असताना या दोघांचं काय होणार ही काळजी लागून राहते. गोष्ट बंगल्यात नेऊन ठेवा, दोघं भेटणारच नाहीत.

ही गोष्ट स्टुडिओनं दुसऱ्यांदा वापरलेली होती, हेही नमुनेदार आहे. फ्रेडरिक नेबेलच्या 'स्लीपर्स ईस्ट' या कादंबरीवर १९३४ मध्ये पिक्चर निघाला होता. सात वर्षांनी गोष्टीत शेनला बसवलं आणि गाडी पूर्वेऐवजी पश्चिमेला वळवली. दोष म्हणाल तर सुरुवातीची दहा मिनिटं. कोण कुणाच्या बाजूचा, कोणता वकील कुणाचा, हे इतक्या भरभर सांगितलं जातं की सबटायटलं नसतील तर माणसं बावचळतात. दाखवणाऱ्यानं आधी दोन वाक्यांत सांगून टाकावं: बाई साक्षीदार आहे, आणि ती पोचू नये असं काहींना वाटतं. तेवढं पुरतं. २००७ साली फॉक्सनं शेनचे चार पिक्चर एका डीव्हीडी संचात काढले, त्यात हा आहे. प्रत स्वच्छ, आवाज सुटसुटीत. संच मिळाला तर तोच घ्यावा.

पहिल्यांदाच असा पिक्चर बघणाऱ्यांना मात्र 'टेरर बाय नाइट' दाखवावा. १९४६, युनिव्हर्सल, दिग्दर्शक रॉय विल्यम नील, लांबी बरोबर ६० मिनिटं. शेरलॉक होम्स, डॉक्टर वॉटसन, लंडनहून एडिनबरोला निघालेली रात्रीची गाडी आणि 'स्टार ऑफ ऱ्होडेशिया' नावाचा हिरा. पात्रं ओळखीची असल्यामुळे ओळखपाळख करण्यात वेळ जात नाही. बॅझिल रॅथबोनचा होम्स कोरडा आणि चपळ, नायजेल ब्रूसचा वॉटसन गोंधळलेला. मूळ कथांमधला वॉटसन असा भोळा नाही, ही तक्रार जाणकार नेहमी करतात आणि ती खरी आहे. पण या पिक्चरचा विनोद सगळा वॉटसनच्या खांद्यावर आहे. होम्सला न विचारता तो स्वतः प्रवाशांची चौकशी करायला निघतो. गणिताचा एक प्राध्यापक उलट त्यालाच असे सवाल घालतो की कोण कुणाची जबानी घेतंय ते कळेनासं होतं. पुढच्या खोलीतलं साधंसुधं जोडपं दरडावल्यावर घाबरून गुन्हा कबूल करतं. तो निघतो हॉटेलातली चहाची किटली उचलल्याचा. हा प्रसंग दोन मिनिटांचाही नाही, पण इंग्रजी न कळणारा माणूसही इथे हसतो, कारण तिघांचे चेहरेच सगळं सांगतात.

गाडीचा उपयोग इथे पुरेपूर आहे. ब्रिटिश पद्धतीचा डबा, एका अंगाला लांब बोळ आणि दुसऱ्या अंगाला बंद खोल्या. बोळातून जाणारा दिसतो, खोलीत काय चाललंय ते दिसत नाही. सामानाच्या डब्यात शवपेटी. ती तिथे का आहे याचा धागा पिक्चरच्या पहिल्याच प्रसंगात दिलेला आहे, तेव्हा उशिरा येणाऱ्यांसाठी सुरुवात थांबवून ठेवावी. मध्यावर होम्सला चालत्या गाडीच्या दारातून बाहेर ढकललं जातं आणि तो बाहेरून दाराला लटकून राहतो. मागचा देखावा पडद्यावरचा आहे हे उघड दिसतं, तरी बघणाऱ्यांत कुणी बोलत नाही.

काटकसरही उघडी पडते. बाहेरून दाखवलेली गाडी दर वेळी वेगळी असते. इंजिन बदलतं, डब्यांची ठेवण बदलते, कारण साठ्यातलं जे रीळ हाती लागलं ते जोडून दिलेलं. वर्धा-बडनेऱ्याच्या फलाटावर लहानपणापासून गाड्या ओळखणारी पोरं हे लगेच पकडतात. त्यांना आधीच कामाला लावावं, मोजत बसतात.

तिसरा 'मर्डर इन द प्रायव्हेट कार'. १९३४, एमजीएम, दिग्दर्शक हॅरी बोमाँट, साधारण ६३ मिनिटं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या मुलीला कळतं की आपण एका कोट्यधीश रेल्वेमालकाची हरवलेली लेक आहोत. त्याच्या खासगी डब्यातून ती निघते आणि तिच्या जिवावर कुणीतरी उठतं. सोबत मैत्रीण, ऊना मर्केल, जिची वाक्यं पिक्चरमध्ये सगळ्यांत धारदार आहेत, आणि चार्ली रगल्स, जो गुन्हा घडायच्या आधीच अडवण्याचा धंदा करतो असं सांगत फिरतो. पहिली चाळीस मिनिटं बरीवाईट आहेत. रगल्सची बडबड काहींना आवडेल, काहींना डोकं उठवील. मध्येच सर्कशीतून सुटलेला गोरिला येतो. तो माणूसच आहे हे झाकण्याचा फारसा प्रयत्न नाही, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही.

तरीही हा तिसऱ्या नंबरावर आहे तो शेवटासाठी. खासगी डबा गाडीपासून सोडवला जातो, आत स्फोटकं, पुढे उतार, आणि त्याच रुळांवर समोरून गाड्या. हूक सुटला की डब्याला इंजिन नाही, चालक नाही, वेग वाढतच जातो. आतली माणसं काय करू शकतात, सांधेवाला काय करू शकतो, मागून इंजिन घेऊन पाठलाग करणाऱ्यांना जुळणी करता येईल का, हे एकेक पाऊल नीट दाखवलं आहे. संकलन इतकं घट्ट आहे की आधीचा गोरिला माफ करावासा वाटतो. डब्यात जे घडू शकतं ते बंगल्यात कधीच घडू शकत नाही, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. प्रेक्षक चुळबुळे असतील तर सरळ शेवटची वीस मिनिटं दाखवा, हरकत नाही.

'द सिल्क एक्स्प्रेस' (१९३३, वॉर्नर ब्रदर्स, दिग्दर्शक रे एनराइट, सुमारे ६१ मिनिटं) फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि विदर्भात तो मुद्दाम दाखवावा. आरमोरीकडच्या टसरवाल्यांना यातला धंदा ऐकताक्षणी कळेल. जपानहून आलेलं कच्चं रेशीम सिॲटल बंदरात उतरवून खास गाडीनं न्यूयॉर्कला धाडत. या रेशीमगाड्या खरोखर होत्या आणि त्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यासुद्धा बाजूला काढत, कारण माल लाखमोलाचा, भाव रोज हलणारा आणि विम्याचा खर्च वेळेनुसार चढणारा. बाजारात रेशीम दाबून ठेवणाऱ्या टोळीला ही गाडी वेळेवर पोचायला नको आहे. गाडीत एक आजारी प्राध्यापक आहे, अंग लुळं पडलेला, त्याला उपचारासाठी वेळेत न्यूयॉर्क गाठायचं आहे. म्हणजे गाडी थांबवली तर माल जातो आणि माणूसही जातो. रेल्वेचा गुप्त पोलीस गाय किबी आणि फुकट्या प्रवासी ॲलन जेंकिन्स हे दोघं विनोद सांभाळतात. किबीचा पोलीस संथ आणि आत्मविश्वासानं चुकणारा आहे. खुनी कोण याचा अंदाज तरबेज प्रेक्षकाला अर्ध्यातच येतो, हा उणेपणा. पण घाई कशासाठी आहे हे इतकं पटण्यासारखं या यादीतल्या दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये नाही.

'ब्रॉडवे लिमिटेड' (१९४१, हॅल रोच, दिग्दर्शक गॉर्डन डग्लस, ७५ मिनिटं) सगळीकडे फुकट मिळतो म्हणून लोक आधी तोच उतरवून घेतात, आणि मग हा प्रकारच टाकाऊ म्हणतात. एका नटीच्या प्रसिद्धीसाठी गाडीत उसनं तान्हं बाळ आणतात आणि ते पळवलेलं बाळ असल्याचा संशय येतो. कल्पना झकास. पण पात्रं फार, आरडाओरडा फार, आणि दिग्दर्शकाच्या भूमिकेतल्या पात्राचा एकच विनोद पुन्हा पुन्हा. व्हिक्टर मॅकलॅग्लन आणि पॅट्सी केली एकत्र आले की जरा जीव येतो. शिकागो-न्यूयॉर्क गाडी मात्र डोळे भरून दिसते, तेवढ्यासाठी रेल्वेवेड्यांनी बघावा. बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

'ग्रँड सेंट्रल मर्डर' (१९४२) मधला खासगी डबा स्टेशनातच उभा आहे. रहस्य म्हणून ठीक, रेल्वेपट म्हणून नाही. 'लेडी ऑन अ ट्रेन' (१९४५) मध्ये डियाना डर्बिन गाडीच्या खिडकीतून खून बघते आणि लगेच खाली उतरते. शिवाय तो ९४ मिनिटांचा, पैसेवाला पिक्चर. चांगला आहे, पण या पंगतीतला नव्हे.

'द नॅरो मार्जिन' विनोदी नाही, तरी वगळता येत नाही. १९५२ साली प्रदर्शित झाला, आरकेओ, दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर, ७१ मिनिटं. शिकागोहून लॉस एंजेलिसला साक्षीदार बाई न्यायची, म्हणजे ढाचा 'स्लीपर्स वेस्ट'चाच, फक्त हसू काढून घेतलेलं. डब्याचा सेट हलता ठेवणं महाग पडतं म्हणून तो जमिनीला पक्का केला आणि हातात कॅमेरा धरून कॅमेराच हलवला. त्यामुळे बोळ खरोखर अरुंद वाटतो. एक फार जाडा प्रवासी त्या बोळात सारखा आडवा येतो. विनोदी पिक्चरमध्ये हा नुसता हशा झाला असता, इथे तो वाट अडवतो तेव्हा पोटात गोळा येतो, आणि तरी त्याचं बोलणं गमतीचं आहे. मेरी विंडसर नखं घासत बसलेली असते, कानशीचा आवाज चालू असतानाच दृश्य बदलतं आणि त्याच लयीत इंजिनाचा दांडा फिरताना दिसतो. पार्श्वसंगीत नाही, आवाज सगळा गाडीचा. विनोदी दोन-तीन पाहून झाल्यावर हा लावावा, आधी लावला तर बाकीचे फिके पडतात.

यातल्या अमेरिकन गाड्यांच्या पिक्चरमध्ये एक गोष्ट खटकते आणि ती खटकायलाच हवी. पोर्टर कृष्णवर्णीय असतो, आणि त्याला बहुतेक वेळा डोळे फिरवत घाबरण्याखेरीज काम दिलेलं नसतं. प्रत्यक्षात पुलमन कंपनीचे हे पोर्टर अमेरिकेतल्या कामगार चळवळीतले अग्रणी होते. जॉर्ज पुलमनच्या नावावरून प्रवासी कुठल्याही पोर्टरला 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. त्यांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. म्हणजे यातल्या काही पिक्चरचं चित्रीकरण चालू होतं तेव्हा खरे पोर्टर ही लढाई लढत होते. पोरं बघत असतील तर हे आधी सांगावं. नंतर सांगितलं तर पोरं हसून मोकळी झालेली असतात.

आता प्रतींबद्दल. 'टेरर बाय नाइट' अमेरिकेत हक्कमुक्त असल्यामुळे त्याच्या डझनावारी प्रती फिरतात, आणि बहुतेक खराब. टीव्हीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या झिजक्या प्रतींवरून केलेल्या, काळा भाग नुसता शाईसारखा, बोळातल्या दृश्यात चेहराच दिसत नाही. नेमका खुनी तिथेच उभा असतो. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयानं हे होम्सपट पूर्ववत केले आहेत, त्यावरून निघालेली डिस्क किंवा फाइल शोधावी. रंग भरलेली आवृत्तीही मिळते, ती टाळावी. रंग चेहऱ्यावर सपाट बसतात आणि छायाप्रकाशाचं काम मरून जातं.

प्रत पुरी आहे का हे लांबीवरून ओळखता येतं. 'टेरर बाय नाइट' साठऐवजी साडेसत्तावन्न मिनिटांचा दिसला तर कात्री लागलेली नाही, सेकंदाला २४ चित्रांचं रीळ २५ नं पळवलेलं आहे. 'स्लीपर्स वेस्ट' तसाच ७१ मिनिटांचा होतो. आवाज किंचित बारीक लागतो, एवढंच. पण अशा प्रतीला २४ ची सबटायटलं जोडली की सुरुवातीला बरोबर, मध्यावर मिनिटभर मागे, शेवटी दोन मिनिटांहून जास्त मागे पडतात. पुढे-मागे सरकवून हे जुळत नाही, कारण फरक वाढता आहे. त्याच वेगाची फाइल शोधा किंवा सबटायटल दुरुस्त करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलून घ्या. त्याहूनही कमी लांबी असेल तर मात्र काहीतरी कापलेलं आहे.

मराठी सबटायटलं स्वतः लिहिणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि नाव पिक्चरच्या नावाशी तंतोतंत सारखं ठेवा. तरीही पुष्कळ टीव्ही जोडाक्षरं तोडतात, मात्रा बाजूला फेकतात किंवा नुसत्या चौकटी दाखवतात. दोष फाइलचा नसतो, टीव्हीला देवनागरी मांडता येत नाही. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरनं सबटायटलं चित्रातच छापून घेतली की हा प्रश्न मिटतो. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. रगल्स किंवा नोलनचा प्रत्येक शब्द पकडायला गेलात तर माणसं वाचतच बसतील. तीन वाक्यांचं एक करा. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पण तासाभराच्या काळ्या-पांढऱ्या पिक्चरला दीड जीबी भरपूर.

टीव्हीवर लावल्यावर पहिल्यांदा चित्राचं माप बघा. हे पिक्चर जवळजवळ चौकोनी आहेत, ४:३ च्या आसपास. टीव्ही आपोआप ताणतो, माणसं बुटकी आणि डबा भलताच रुंद दिसतो. ज्या पिक्चरचा सगळा खेळ अरुंद बोळावर आहे त्यात हे खपत नाही. सेटिंगमध्ये ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. प्रोजेक्टर असेल तर खोक्यावरच्या हजारो ल्युमेनवर जाऊ नका, एएनएसआय ल्युमेनचा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेल्या उजेडाचा आकडा बघा. साधारण ३०० एएनएसआयच्या यंत्राला सहा फुटांहून रुंद चित्र मागू नका. हे पिक्चर मुळातच अंधारे, मोठं केलं की राखाडी होतात. चादरीपेक्षा चुना लावलेली सपाट भिंत बरी. चादर वाऱ्यानं हलते आणि घड्यांच्या रेषा नेमक्या चेहऱ्यावर येतात.

आपल्याकडचा खरा शत्रू कूलर. मे महिन्यात कूलर बंद ठेवता येत नाही, आणि चालू ठेवला तर त्याची घरघर आणि गाडीची खडखड एकात एक मिसळून संवाद गडप होतात. आवाज वाढवून उपयोग नाही, गाडीही तेवढीच वाढते. स्पीकर मागे न ठेवता पडद्याखाली, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा, बास पूर्ण उतरवा, संवादाची सोय असेल तर ती निवडा, आणि उन्हाळ्यात सबटायटलांशिवाय लावूच नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला गच्चीवर प्रोजेक्टरच्या झोतात पाखरांचे थवे येतात, तेव्हा खोलीतच दाखवा. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतचे दिवस उत्तम, फक्त गावात ओलिताची लाइन रात्रीची आहे का ते विचारून घ्या. त्या आठवड्यात अर्धी माणसं शेतावर असतात.

लाइन गेलीच तर इन्व्हर्टर पुरतो. छोटा एलईडी प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून सव्वाशे वॅट धरले तरी सव्वा तासाला दीडशेच्या आसपास वॅट-तास लागतात. १५० एएचची बरी बॅटरी हे सहज देते. त्याच बॅटरीवर पंखे आणि फ्रिज असतील तर फ्रिज आधी काढा, नाहीतर लाइन गेल्या क्षणी सगळा भार एकदम पडून इन्व्हर्टर बंद पडतो.

हक्कांचं म्हणाल तर भारतीय कायद्यात चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असते, आणि हे सगळे पिक्चर तिच्यापलीकडचे आहेत. मात्र जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा उभा राहतो. घरच्या आणि ओळखीच्या मंडळींपुरतं ठेवा.

'बॉम्बे मेल'बद्दल नागपूर-वर्धा पट्ट्यात हमखास विचारणा होते. १९३४, युनिव्हर्सल, दिग्दर्शक एडविन मारिन, नायक एडमंड लो. कलकत्त्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत बंगालचा गव्हर्नर मारला जातो आणि इन्स्पेक्टर डब्याडब्यातून चौकशी करत जातो. हावडा-मुंबई मेल डोळ्यांसमोर ठेवून नागपूर, बडनेरा, अकोला शोधायला जाऊ नका, हिंदुस्थान सगळा कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभारलेला आहे, महाराजा आणि नागासकट. विनोद थोडा, संशयित भरमसाट, वेग चांगला. स्वच्छ प्रत सहजी हाती लागत नाही, आणि जी फिरते तिच्यात रात्रीची दृश्यं ओळखू येत नाहीत. चांगली मिळेपर्यंत थांबावं.

जोडीनं लावायचे तर पहिला 'टेरर बाय नाइट', दुसरा 'स्लीपर्स वेस्ट'. दोन्ही मिळून १३४ मिनिटं. आठला सुरू केलं आणि मध्ये चहाला पंधरा मिनिटं दिली, तरी साडेदहाला मंडळी मोकळी.